फोटोत न दिसणारे स्क्रू

नेर, ८ डिसेंबर २००६

शहनाज आपाला जब्बारचा सलाम.

खुशाली विचारत नाही, डोकं फिरलंय. फोन करू नकोस, उचलणार नाही. तुझ्या भरवशावर माझ्या गझालाला नागपूरला आणलं. घोट्याच्या हाडात दोन स्क्रू टाकले म्हणालात. काल इथे फोटो काढला, तर हाडात नुसती दोन भोकं! आमच्या धंद्यात असे चोर पुष्कळ पाहिले; पार्ट टाकला म्हणतात आणि बोनेट लावून मोकळे होतात. कापसाला भाव नाही, ट्रॅक्टर दुरुस्तीला येत नाहीत, म्हणून तुमच्या दवाखान्याची मेहेरबानी घेतली. म्हणून काय पोरीला फसवायचं? तिचा पाय अजून दुखतो. येत्या गुरुवारी इथले डॉक्टर पाय उघडून लोखंडी पट्टी टाकणार आहेत.

लोभ उरला असेल तर ठेव.

तुझा भाऊ
जब्बार


नागपूर, १२ डिसेंबर

जब्बारला आपाचे आशीर्वाद, आणि एक कानाखाली.

फोन तू बंद ठेवलास, माझी ड्युटी सुटत नाही, म्हणून हे पत्र नेरच्या बसच्या कंडक्टरजवळ देतेय. अरे, ऑपरेशनला नर्स म्हणून मी स्वतः उभी होते. दोन्ही स्क्रू माझ्याच हातून डॉक्टरांकडे गेले. ते धातूचे नाहीत, म्हणून फोटोत दिसत नाहीत. हाड जुळेपर्यंत धरून ठेवतात, मग दोन-तीन वर्षांत अंगातच विरघळून जातात. काढायला पाय पुन्हा उघडावा लागत नाही! डॉक्टर हेच समजावत होते, तेव्हा मेकॅनिकला स्क्रू शिकवू नका म्हणून तू बाहेर निघून गेलास. पाय दुखतो, कारण सांगितलेला व्यायाम तू तिला करू देत नाहीस. गुरुवारी कुणालाही तिच्या पायाला हात लावू देऊ नकोस.

जीव जळतो म्हणून बोलते. राग आला तरी चालेल.

आपा


नेर, १७ डिसेंबर

शहनाज आपांना कशफचा सलाम.

तुमचं पत्र बुधवारीच पोचलं होतं. रागाच्या भरात यांनी ते न फोडताच पान्यांच्या पेटीत फेकलं. आज माझ्या हाती लागलं. गुरुवारी पाय उघडला. हाड छान जुळत आलं होतं म्हणे. स्क्रू शोधायला उकरलं आणि ते पुन्हा तडकलं. आता पट्टी टाकली आहे, ती काढायला आणखी एकदा पाय उघडायचा. पत्र वाचून दाखवलं तर हे म्हणतात, मले कोणी सांगतलं काहून नाही! मी ती पेटीच त्यांच्यापुढे उपडी केली.

टाके निघाले की गझालाला घेऊन तुमच्याकडे येते. अब्बा सोबत नको, असं तिनं सांगितलंय.

माझ्यावर लोभ ठेवा. भावावर ठेवायचा की नाही, ते पोरीचा पाय पाहून ठरवा.

तुमची भावजय
कशफ