घराखालची थोरली नणंद

८ जून, सकाळ
हो हो, खांबांवरच्या माझ्याच घराखाली येते. दुसऱ्या कुणाच्या येणार? रोज दहाच्या सुमाराला, माणसाहून लांब, जीभ आतबाहेर करत. साधी घोरपड नव्हे, ओरा आहे ती, पाहुणे कोमोडो ड्रॅगन म्हणतात ती. आणि कोमोडो गावात ओराला कुणी जनावर म्हणत नाही. इथल्या पहिल्या आईला जुळं झालं, एक मुलगा आणि एक ओरा. मुलाचा वंश तो माझ्या नवऱ्याचा. म्हणजे ही माझी नणंदच. थोरली. हफ्सा धाकटी, चुलत. दोघींत थोरली बरी, बोलत नाही.
हे सगळं बाजो शहरातून आलेल्या होडीवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, आमच्या पर्यटन कचेरीतल्या इरमा मॅडम 'बेटांवर पाहण्यासारखी दहा ठिकाणं' अशी नवी यादी करतायत. पाहुणे तीच धरून फिरतात. यादीत असलं तर होडी थांबते, नसलं तर लांबूनच हात हलवून पुढे.
ठरलं. माझं घर यादीत. चौथा नंबर तरी.

९ जून
नुर्मीचा फोन. पोटची पोर, बाजोला दिलेली. पुन्हा तेच तुणतुणं. म्हणाली, इना, एकटी किती दिवस काढशील? बकरी ईदपर्यंत घरात पाहुणे यायला लागले तर राहा. नाहीतर ईद झाली की कुलूप लाव आणि माझ्याकडे चल.
आईला इना म्हणायचं आणि गाठोड्यासारखं उचलून न्यायचं!
तिची एक खोली. खिडकी उघडली की शेजारची भिंत. माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो, गावाची वाळत घातलेली धुणी दिसतात, कोण कुणाशी भांडलं ते न विचारता कळतं. तिकडे मी चेष्टा कुणाची करू? भिंतीची?

१० जून
बाकीच्या ठिकाणांचा नीट विचार केला. पादारचा डोंगर: उन्हात पायऱ्या चढा, धापा टाका, फोटो काढा, उतरा. गुलाबी वाळू: लांबून गुलाबी, पायाला वाळूच. मांता मासा: पाण्यात चटई पोहतेय असं वाटतं म्हणे. वटवाघळांचं बेट: संध्याकाळी हजारोंनी उडतात, खाली उभं राहणाऱ्यानं तोंड मिटून वर बघावं.
यातलं मी एकही पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं नांदतेय इथे, वेळ कुठे मिळाला? पण माझं घर सगळ्यांत सरस, हे सांगायला तिकडे कशाला जायला हवं?

१२ जून
साहारुद्दीन आला. जंगलखात्याचा गार्ड, हातात ओराला मागे ढकलायची ती दुबेळकी काठी. म्हणाला, इना, ओराला खायला घालता काय? बंदी आहे.
मी म्हटलं, मी? मी मासे साफ करते. डोकी, आतडी खिडकीतून खाली जातात. खेकड्यांसाठी. आता खेकड्यांच्या पानातलं कोण पळवतं, ते मी वाकून बघत बसू? आणि तू कुणाला कायदा शिकवतोस? लहानपणी चड्डी घालायचीसुद्धा बंदी असल्यासारखा गावभर फिरायचास, विसरलास?
लाल होऊन गेला. काठी माझ्याच जिन्याशी विसरला. वर आणून ठेवली.

१४ जून
रंगीत तालीम. खिडकीतून हाक मारली, वन्सं, या! आली. एकदा नव्हे, तीन दिवस ओळीनं. मासळी होती, पण ती योगायोगानं.
होडीवाल्याचा निरोप आला, इरमा मॅडम चोवीसला येणार. हफ्साला सांगितलं तर तिनं सोनेरी काठाचे कप काढून दिले, स्वतःच्या पाहुण्यांनाही देत नाही ते. म्हणाली, वहिनी, एक फुटला तरी चालेल, तुम्ही जाऊ नका.
मी म्हटलं, दोन फुटले तर?
ती म्हणाली, मग जा.
हफ्साचा बकरा, सुल्तान. दोन वर्षं वाढवलाय, आईच्या नावानं कुर्बानी द्यायची म्हणून. त्याला खाजवते, त्याच्याशी बोलते, त्याची दाढी विंचरते. एवढं प्रेम तिनं स्वतःच्या नवऱ्यावर केलं असतं तर बिचारे मासेमारीच्या नावाखाली आठ-आठ दिवस समुद्रावर राहिले नसते. हे तिला तोंडावर सांगितलं. तिनं मला केळं फेकून मारलं.

१५ जून
संकल्प. एक, पाहुण्यांसमोर तपकीर ओढायची नाही. दोन, गुड मॉर्निंग पाठ करायचं. तीन, सुल्तान माझ्या घराखाली केळीची सालं खायला येतो ते बंद करायचं. हफ्साला आजच सांगते.

१६ जून
गुड मॉर्निंग पाठ झालं. बाकीचं उद्या.

१७ जून, दुपार
घराखाली काहीतरी धडपड झाली. मांजर असेल. खिडकी लावून घेतली, वारा फार होता.

१८ जून
सुल्तान हरवला. हफ्सा वाडग्यात मका घेऊन गावभर हाका मारत फिरतेय. विहिरीवर सगळ्या बायका. मी म्हटलं, वन्सं, रडता काय? वयात आलेला गडी, पळाला असेल एखादीबरोबर. चार दिवसांनी सून घेऊन येईल. सगळ्या हसल्या. हफ्साही हसली, डोळे पुसत.
तिच्याबरोबर शोधायला गेले. डोंगराच्या बाजूला. खारफुटीकडे नको म्हटलं, गुडघा दुखतो.
थोरली आज आली नाही. ऊन होतं.

२० जून
आली नाही. हा त्यांचा लग्नाचा हंगाम, साहारुद्दीनच सांगतो. नर-माद्या एकमेकांच्या मागे, घरची आठवण कुणाला? होतं असं. मीही लग्न झाल्यावर महिनाभर माहेरी पत्र टाकलं नव्हतं.
खेकड्यांना दुप्पट टाकलं. फक्त खेकडेच आले.

२२ जून
आली नाही. रुसली असेल. खाली उतरून माफी मागावी म्हटलं, पण जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाय थांबले. घराखाली बघवेना. गुडघा.
हफ्सा येऊन बसली. म्हणाली, वहिनी, तुमचा चेहरा का उतरलाय? माझ्या बकऱ्यासाठी एवढं जिवाला लावून घेऊ नका. आणि माझेच पाय चेपून दिले.
माझेच.

२३ जून
घराच्या खांबाला कोंबडी बांधली. ती मेलेलीच होती. म्हणजे, मरायला आली होती. म्हणजे, थोरली उद्या काहीही करून यायलाच हवी. देवा, एकदाच.

२४ जून
इरमा मॅडम आल्या. पांढरे बूट. गुड मॉर्निंग मीच आधी म्हटलं. चहा हफ्सानं केला, केळ्याची भजीही तळली.
मी खिडकीत उभी राहून हाक मारली, वन्सं!
आतून हफ्सा, आले आले, गाळतेय.
पुन्हा, वन्सं, या हो!
पुन्हा हफ्सा, दोन हात आहेत मला, वहिनी!
पाऊण तास. खालून कोंबडीचा वास यायला लागला. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, हा आमच्याकडचा अत्तराचा प्रकार. हसल्या नाहीत.
तेवढ्यात साहारुद्दीन आला, काठी न्यायला. म्हणाला, कुणाची वाट बघताय? ती खारफुटीमागे वाळूत पडलीय. पोट उलट्या होडीसारखं. काहीतरी मोठं गिळलंय, आता महिनाभर हलत नाही. गावात कुणाचं काय गेलंय?
हफ्सानं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, डोंगरात गाठलं असेल. जाऊ दे. पूर्वी हरणाची शिकार झाली की थोरलीचा वाटा रानात ठेवायचो. नंतर कुणी ठेवला नाही. तिनं तिचा घेतला.
आणि पदरानं डोळे पुसून मॅडमना आणखी भजी वाढली.

२६ जून
यादी आली. होडीवाल्यानं वाचून दाखवली. पादार पहिला, गुलाबी वाळू दुसरी, मांता, वटवाघळं, सगळे आपापल्या जागी. दहावा नंबर कोमोडो गावचा धक्का. धक्का! होड्या बांधायचा! त्यावर माझ्या देखत तीन कुत्री झोपलेली असतात.
अकरावा नंबर कुणाचा, विचारलं. म्हणाला, यादी दहाचीच आहे, इना.
बघू. पुढल्या वर्षी.

२८ जून
नुर्मी आली. थेट गादी गुंडाळायला लागली. भांडी पोत्यात. कुलूप नवीन आणलंय. मी म्हटलं, एवढं मोठं कुलूप? आत काय ठेवतेयस, मला? ती हसली नाही. उद्याच्या नमाजानंतरची होडी.

२९ जून, ईद
नमाज झाला. गावात कुर्बानी झाली, हफ्साच्या अंगणात नाही. तरी लोकांनी दिलेल्या वाट्यातून तिनं पहिलं ताट माझ्याकडे आणलं. दारात पोतं बघितलं आणि नुर्मीला म्हणाली, हिला नेऊ नकोस. दोन्ही वेळा माझ्याकडे जेवेल, आजारी पडली तर मी बघेन. माझा बकरा गेला, आता वहिनी पण गेली तर मी हसू कुणाबरोबर?
नुर्मीनं गुंडाळलेली गादी सोडली. कुलूप पिशवीत टाकून एकटीच होडीत बसली.
राहिले. जे हवं होतं ते मिळालं. ताट समोर आहे, अजून झाकलेलंच.
मांजर नव्हतं. सतरा तारखेला फळीच्या फटीतून मी सगळं बघितलं. माशांची डोकी मी थोरलीसाठीच टाकत होते, तिला इथे यायची सवय मीच लावली. सुल्तान ओरडत होता. साहारुद्दीनची काठी माझ्या हाताशी होती. वाटलं, आज हिला हाकललं तर ही परत यायची नाही. म्हणून खिडकी लावून घेतली.