भोकं पडलेली मेथी

मंगळवार, १२ जानेवारी १९९९. संध्याकाळ.

इंदिरानगरच्या बाजारात आज त्या शिक्षिका बाई पुन्हा आल्या. त्यांच्या मिस्टरांना दवाखान्यातून घरी आणलंय, आणि डॉक्टरांनी रोज पालेभाजी खायला सांगितलीय. ती त्या माझ्याकडूनच नेतात. फार विश्वास त्यांचा.

म्हणून तर आज त्यांच्यासाठी घरच्या वाफ्यातली एक जुडी वेगळी नेली होती. विहिरीजवळच्या त्या वाफ्यावर आम्ही किडीचं औषध फवारत नाही, तो आमच्या खाण्यापुरता. पण पानांना भोकं. बाईंनी जुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, ही किडकी आहे. ती दे ना, हिरवीगार." ती परवाच फवारलेली. मी दिली. का दिली? बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून?

भोकांची जुडी माझ्याबरोबर परत घरी आली. तीच आत्ता कढईत परतली. भाकरीबरोबर खाताना धाकटीने विचारलं, "आई, पानांना भोकं का गं?"

माझ्याआधी आमचे हेच बोलले. "अळीनं आधी खाऊन बघितलीय. ती मेली नाय, म्हणून आपण खायची."

मुली हसल्या. बाईंना मला एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितल्यावर टोपलीतल्या बाकीच्या जुड्या कोणत्या तोंडाने विकल्या असत्या?

आत्ता तिकडे ती हिरवीगार मेथी मिस्टरांच्या ताटात वाढली असेल. पथ्याची भाजी म्हणून.