आम्ही ठरवलं

६ ऑक्टोबर

विकलं! सह्या झाल्या. माझी पहिली सही वाकडी आली. कारकून म्हणाला, "बाई, ही कागदावरच्या सहीशी जुळत नाही, परत करा." मग परत केली. घर एकदा विकणंच जड जातं, मला दोनदा विकावं लागलं.

घेणारी दोघं आमच्याहून लहान आहेत. ती सगळा वेळ डोळ्यांनी आमच्या भिंतींवर काहीतरी टांगत होती. पण माणसं भली. नवं घर उभं राहीपर्यंत तुम्ही इथेच राहा म्हणाली. म्हणजे आजपासून आम्ही आमच्याच घरात पाहुणे.

परत येताना स्कूटरवर नवरा मान वळवून म्हणाला, "आपण केलं बरं का. आपण!" मी त्याला मागून घट्ट धरलं. मध्ये बसलेली लेक चेपली गेली आणि तिची गुणगुण थोडी थांबली. चार वर्षांच्या पोरीला भुंगा म्हणतो ते उगाच नाही.

१९ ऑक्टोबर

पाया खणतायत. मी गेले होते बघायला. इतकी धूळ की मला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ठेकेदार सज्जन, पाणी आणून दिलं. मग नवरा म्हणाला, "तू सावलीत बस, आम्ही बघतो."

बसले विटांच्या थप्पीवर. दोघं नकाशा धरून फिरत होते. मी विटा बघत होते. विटांत बघण्यासारखं फार नसतं.

२ नोव्हेंबर

आता दिनक्रम असा — तो सकाळी साइटवर, तिथून ऑफिस, ऑफिसातून साइट, आणि मग आमच्याकडे. येतो तेव्हा बुटांना सिमेंट. जेवताना बोलतो ते सळई, खडी, पाणी मारणं. मी हूं म्हणते. माझं काय चाललंय ते तो विचारत नाही. विचारलं तरी काय सांगणार? कंपन्यांची माहितीपत्रकं तपासते, घरात बसून. आज मिक्सर, उद्या कपडे धुण्याचं मशीन. यात सांगण्यासारखं काय?

पण पूर्वी विचारायचा. मिक्सरवरून सुद्धा हसायचो.

९ नोव्हेंबर

नव्या घरात मी एकच गोष्ट मागितली आहे. ओट्यावरची खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी. बाकी फरशी कुठली, रंग कुठला, मला सोयरसुतक नाही.

इथे मी दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काम करते. खिडकीतून बस थांबा दिसतो. समोरचा शिंपी दिसतो, त्याची बायको डबा घेऊन येते आणि तो खाईपर्यंत त्याच्याशी भांडते. कुणाशी एक शब्द बोललं नाही तरी दिवस जातो. त्याला हे सांगितलं होतं. तेव्हा म्हणाला होता, "त्यात काय, करू की आपण."

१५ नोव्हेंबर

आज जेवताना, भात कालवता कालवता — "खिडकी आम्ही मागच्या बाजूला घेतली. रस्त्याकडे धूळ येईल, तुलाच त्रास."

मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण?

"म्हणजे मी आणि ठेकेदार. आम्ही ठरवलं."

एवढंच. पुढे वरण मागितलं. मी वाढलं.

नंतर भांडी घासताना तो शब्द डोक्यातून जाईना. आपण म्हटलं की समोरचा आत येतो. आम्ही म्हटलं की तो दाराबाहेर राहतो. एवढीशी गोष्ट, भुंग्यालाही कळते. आणि तो माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा भात खात, मला आम्हीच्या बाहेर ठेवून मोकळा झाला. त्याला कळलंसुद्धा नाही. कळून केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

१६ नोव्हेंबर

मागच्या बाजूला दुसऱ्याच्या गोदामाची भिंत आहे.

२८ नोव्हेंबर

कपडे धुण्याच्या मशीनचं पत्रक आलं. "आपण प्रथम झाकण बंद करावे." "आपणांस पाण्याचा आवाज ऐकू येईल." मला कुणीतरी आपण म्हणतंय! नवऱ्यापेक्षा मशीन बरं.

आता मोजायचीच सवय लागली आहे. आम्ही जिना वळवला. आम्ही गच्चीला उतार दिला. आम्ही मिस्त्री बदलला. सुखी संसार चाललाय दोघांचा, त्याचा आणि ठेकेदाराचा.

७ डिसेंबर

घेणारी आली होती, पडद्यांची मापं घ्यायला. एकटीच. टेप माझ्या हातात देऊन ती खुर्चीवर चढली. म्हणाली, "ताई, आपण इथे एक फळी मारली तर? आपण पडदे थोडे लांबच शिवू, नाही का?"

तिच्या घरात, तिच्या फळीसाठी, ती मला आपण म्हणत होती. मला इतकं बरं वाटलं की मी चहा दोनदा केला. दुपारी कुठे ऊन येतं, कुठला नळ कुरकुरतो, सगळं दाखवलं. गेली तेव्हा खिडकीतून ती बसमध्ये चढेपर्यंत बघत राहिले. मग जरा रडू आलं. कशाचं ते नीट सांगता यायचं नाही. माझ्याच घरात मला परकीने आत घेतलं, याचं असेल.

२१ डिसेंबर

रविवार, तरी तो साइटवर. भुंग्याला घेऊन गेला. मी नाही गेले, खोकला.

परत आली ती धुळीने माखलेली, खूश. कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "आम्ही नवीन घरात राहणार आहोत. तू पण ये हं, आई."

मी हसले. म्हटलं, वेडाबाई, आपण राहणार आहोत म्हणावं.

तिने बापाकडे बघितलं. तो बूट काढत होता. हसला नाही. उठून मोरीत गेला आणि बराच वेळ पाय धुवत राहिला.

२२ डिसेंबर

भुंगा चुकली. लहान आहे, ऐकते तसं बोलते. पण मग ती काय ऐकते?

१० जानेवारी

आज भांडले. ठरवून नाही. तो म्हणाला, "आम्ही दारं सोमवारी बसवतोय." आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुला आपण म्हणायला काय होतं रे? जीभ झडते?

तो म्हणाला, "आता माझी वाक्यंपण तपासणार तू?"

मी म्हटलं, त्या घरात मी आहे की नाही ते सांग. खिडकी तुम्ही ठरवता, जिना तुम्ही ठरवता. मी इथे बसून दुसऱ्यांच्या मशीनची झाकणं बंद करते. मला कुणाशी बोलायला नाही. तू असतोस तेव्हाही नाही. तुला ठाऊक तरी आहे का?

म्हणाला, "मला बोलता येत नाही. घर बांधता येतंय तर बांधू दे."

भुंगा दारात उभी होती. विषय संपला. त्याने तिला उचललं आणि दोघं गॅलरीत गेले. मी भाजी चिरायला घेतली, बोट कापलं.

११ जानेवारी

बोलणं बंद. फक्त "दूध आलं?" "आलं."

२५ जानेवारी

काय लिहू! आज मला मुद्दाम साइटवर नेलं. तोंडाला बांधायला ओला रुमाल स्वतः दिला. स्वयंपाकघरात गेले तर — रस्त्याकडची भिंत फोडलेली, आणि खिडकी! केवढी मोठी! मागची बुजवून टाकली आहे. ठेकेदार तोंड वाकडं करून म्हणाला, "वहिनी, साहेबांनी हट्टच धरला. बांधलेली भिंत पाडायला लावली."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तुला हवी होती ना." आणि दुसरीकडे वळला.

समोर सायकलवाल्याचं दुकान आहे. पलीकडे दवाखाना. माणसंच माणसं! मी उगाच भांडले. बोलता नाही येत त्याला, खरंच आहे. भिंत फोडून बोलतो.

३ फेब्रुवारी

हल्ली आम्ही बंद झालंय. माझ्या भांडणाचा उपयोग झाला म्हणायचा. आता सगळं तुम्हाला, तुमचं. "तुम्हाला सकाळचं ऊन येईल." "दाराला आतून साखळी लावली, तुम्हाला भीती नको." कपाटात त्याच्यासाठी कप्पाच ठेवला नाही. म्हटलं, तुझे कपडे? तर म्हणे, "मला काय लागतंय. तुम्हाला होऊ दे ऐसपैस."

असा त्याग मी लग्नात पण बघितला नव्हता!

१२ फेब्रुवारी

पाण्याची मोटर चालू कशी करायची ते शिकवलं. मला कंटाळा. म्हटलं, तू आहेस की. तर हात धरून पुन्हा दाखवलं. आवाज बदलला की आधी बंद करायची, मग टाकी बघायची. फ्यूज कसा बदलायचा, तेही. भुंग्याला बटणं हाताला येतील अशी खाली बसवली आहेत.

हात धरला होता. किती महिन्यांनी.

२० फेब्रुवारी

सामान बांधतोय. म्हणजे मी बांधते आणि भुंगा सोडते. मी गुणगुणत होते म्हणे, भुंग्याने पकडलं. आज इतक्या दिवसांनी मला आपलं बरं चाललंय असं वाटलं. नव्या घरात गेल्यावर सांगणार आहे त्याला — रोज थोडं बोलू या. मिक्सरवरून का होईना.

२७ फेब्रुवारी

खोल्या रिकाम्या झाल्या. आवाज घुमतो. भुंगा प्रत्येक खोलीत जाऊन स्वतःला हाका मारतेय. घेणारी किल्ली घ्यायला आली तेव्हा तिलाच रडू आलं. मी तिची समजूत काढली. "ताई, येत जा," म्हणाली. येईन म्हटलं. तो खाली टेंपोपाशी उभा होता, वर आला नाही.

१ मार्च

सामान लागलं. त्याची एक पेटी तेवढी टेंपोतच राहिली. मला वाटलं, विसरला. सांगितलं तर म्हणाला, "राहू दे. ती तिकडे न्यायची आहे." कुठे तिकडे, ते सांगेना. मग माझ्या खिडकीपाशी आला. बाहेर सायकलवाला पंक्चर काढत होता, त्याच्याकडे बघत म्हणाला, "आपण थोडे दिवस वेगळं राहून बघू या."

एवढ्या महिन्यांनी आपण म्हणाला.