हर्षवायू कोणी पाहिला?

३ जून
कार्ड परत आलं! 'हर्षवायू – अनावर आनंदाचा अचानक झटका.' व्युत्पत्तीही दिली होती – हर्ष अधिक वायू. अंगातला वायू बिघडला की माणूस बिघडतो, ही जुनी समजूत. साहेबांनी लाल शाईत लिहिलंय – "कोणी पाहिला?"

आमच्या कोशाचा नियमच आहे. दोन कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी पाहून सह्या केल्याशिवाय शब्द छापायचा नाही. 'हत्ती'साठी सगळं ऑफिस प्राणिसंग्रहालयात गेलं होतं. 'हगवण'ला साक्षीदार घरबसल्या मिळाले. पण हर्षवायू – आमच्याकडे?

तीस तारखेपर्यंत नाही मिळाला तर शब्द वगळणार. माझ्या 'ह'मधून! सव्वीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळलाय मी 'ह'.

७ जून
शेजारच्या टेबलावर 'क्ष' बघणाऱ्या क्ष-बाईंना बढती मिळाली. मी लगेच वही घेऊन समोर बसलो. त्या म्हणाल्या, "बरं." आणि डबा उघडला.

१२ जून
घरी प्रयोग केला. बायकोला म्हटलं, "अगं, तुझी बहीण राहायला येतेय!"

"किती दिवस?"

हे हर्षवायूत बसत नाही. खोटं होतं म्हणून सांगितलं, तेव्हा चेहरा जरा उजळला.

१३ जून
उजळणं माझ्या अक्षरात येत नाही.

२१ जून
क्ष-बाई म्हणतात, "सोडा हो, एका शब्दानं काय अडतंय?" डोक्यात तिडीक गेली! त्यांचा संसार मोजून चार पानांचा. भरल्या घरातलं एक माणूस गेलं की काय होतं, ते त्यांना काय कळणार? जेवण गेलं नाही.

२८ जून
साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. "वरून पत्र आलंय. कोश बंद. उद्यापासून कोणी यायचं नाही. पेन्शन मिळेल."

पुढचं मला आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, घसा बसलेला, शर्टाची दोन बटणं गायब. बायको म्हणाली, "कोणाच्या वरातीत नाचून आलात?" बिचारीला काय सांगू! धक्काच तसा बसलाय.

२९ जून
क्ष-बाई घरी कार्ड देऊन गेल्या. हर्षवायू. खाली दोन सह्या – त्यांची आणि साहेबांची. 'कोणी पाहिला'समोर लिहिलंय – "आम्ही. 'ह'वाले टेबलावर चढून नाचले, कपाटातली सगळी कार्डं उधळली, शिपायाचे मुके घेतले."

म्हणजे सव्वीस वर्षं मला ते ऑफिस नकोसं होतं – आणि कोणी मला सांगितलंसुद्धा नाही!