पंधरा खुर्दादच्या आधी

१४ एप्रिल १९४१, सोमवार
दोन्ही हात कोपरापर्यंत, मान, पाठीची डावी बाजू. फोड, काही जागी कातडी गेलेली. शुद्धीवर. नाव इस्माईल, जंगलखात्याचा नाकेदार, वय अंदाजे चाळीस.

दवाखान्याच्या वहीत एवढंच लिहिलं. उरलेलं इथे — आग आमच्या शेतातली. माझ्या थोरल्या भावानं, ग्यानबादादानं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळल्या, बांधापलीकडचं गवत पेटलं, आग डोंगरात शिरली. इस्माईल विझवायला धावला. त्याला ओढून काढलं ते दादानंच. बैलगाडीत घालून इथे आणलं तेही दादानंच. पोलीस त्याला दवाखान्याच्या दारातूनच घेऊन गेले. जाताना म्हणाला, "शालू, आधी ह्याला बघ."

बघितलं.

१५ एप्रिल
चुकलं कुठे? जाळण्याच्या सरकारी परवान्याच्या अटी मला पाठ आहेत — कडेनं दहा हात नांगरून घ्यायचं, चार माणसं, भरलेल्या घागरी, वारा नसताना, सकाळी. दादानं सगळं केलं. वाचणारी मी, करणारा तो.

परवाना पुन्हा काढला. उर्दू मला अडखळत येतं, आकडे येतात. १५ ते २० खुर्दाद.

आमच्या घरात तीन कालगणना. सरकारी कागदाची फसली. माझी इंग्रजी — अकोल्याला तीन वर्षं नर्सिंग शिकले, तिकडे इंग्रजी राज्य, फसली नाहीच. दादाची तिथीची. खुर्दाद हा फसलीचा महिना एप्रिलात येतो; त्याची इंग्रजी तारीख काढताना पाच दिवस मिळवायचे. मी वजा केले! १५ खुर्दाद म्हणजे २० एप्रिल. मी १० धरला आणि दादाला सांगितलं, "हनुमान जयंती झाली की चार दिवसांत जाळून घे."

औषधाचा थेंब चुकत नाही माझा.

१६ एप्रिल
तारीख उगीच घातलेली नव्हती. जंगलखातं आधी आपल्या हद्दीवरचं गवत जाळून मोकळी रेषा करतं, मगच शेतकऱ्याची पाळी. ती रेषा उद्या जाळणार होते. सोमवारी तिथे गवत कमरेएवढं उभं होतं. हे मला इस्माईलनंच सांगितलं, पट्टी बदलताना.

"आमी जाळलं तर सरकारी काम, ग्यानबानं जाळलं तर गुन्हा! आग तर तीच की हो, नर्सबाई." हसला, पाठ ताणली गेली, कळवळला.

त्याची बायको जैनबबी उशाशी होती. "हाताच्या जागी तोंड भाजलं असतं तर बरं झालं असतं," म्हणाली. आणि पदर डोळ्याला लावला.

१८ एप्रिल
ताप १०३.४. डाव्या हाताला पू.

दुपारी द्वारकावहिनी आली. बसली नाही. "लोक म्हणून राहिलेत, नाकेदार जगला तर सा महिने, मेला तर कैक वर्सं. आन् तुमचे दादा सांगून राहिले, मला कुणी तारीख सांगितली न्हाई, मीच चुकलो! काहून असं बोलत असतील? कागद तर तुमीच वाचला व्हता ना?"

मी म्हटलं, मलमाची वेळ झाली. आत गेले.

दादा असं का बोलतो ते मला माहीत आहे. मला अकोल्याला धाडताना तो सगळ्या भावकीशी भांडला. "आमची पोरगी आकडा चुकत न्हाई" — एवढं एकच त्याच्याजवळ सांगायला होतं.

२० एप्रिल, रविवार
हिंगोलीच्या कोठडीत दादाला भेटून आले. दिवसभर गेला, भेट पाच मिनिटांची. दाढी वाढलेली. पहिला प्रश्न, "नाकेदार कसाय?" मग, "तू गप राहायचं, शालू. माझं काय, आज न्हाई तर उद्या नांगर धरीन. तुझी नोकरी गेली तर परत मिळायची न्हाई."

मी गप राहिले. मला ते येतं.

आज १५ खुर्दाद. आजपासून जाळायला परवानगी आहे.

२१ एप्रिल
ताप १०२. मला जेवण नको वाटतं.

२२ एप्रिल
पहाटे लिहून काढलं. तहसीलदारांना, एक पान. तारीख मी चुकीची सांगितली. माझा भाऊ केवळ माझ्या शब्दावर गेला. त्याला दुसऱ्या कोणीही, जंगलखात्याच्या माणसानंही, जाळायला सांगितलं नव्हतं. खाली सही आणि हुद्दा. जंगलखात्याच्या माणसाचं ते वाक्य मुद्दाम घातलं — शंकेला जागा राहू नये.

सकाळच्या मोटारीनं पाठवलं. कुणाला बोलले नाही. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

२३ एप्रिल
इस्माईलचा ताप उतरला. जैनबबीला राहवलं नाही, तिनं सांगून टाकलं. रविवारी मी हिंगोलीला असताना पोलिसांचे अमीनसाहेब इथे येऊन इस्माईलचा जबाब घेऊन गेले. त्यानं सांगितलं, "ग्यानबाला मीच म्हणलं, वारा पडलाय, आजच जाळ."

"सगळं खोटं, बाई! पण ग्यानबाभाऊनं ह्यांना आगीतून काढलं. तुमाला सांगू दिलं न्हाई. म्हणले, नर्सबाईला खोटं पचायचं न्हाई, त्या बराबर करायला जातील."

त्या जबाबावर दादाला आज दुपारी सोडणार होते. आता सहा वाजलेत, तो आलेला नाही. माझा कागद काल अकरालाच पोचला.