तिकिटाची बायको

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय शहात्तर, व्यवसाय नाटकात काम करणे (सध्या विश्रांती), कोणाच्याही दडपणाला बळी न पडता आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि लागलीच पहिल्या अंकातले स्वगत सुरू केले, तेव्हा "पुरे, पटलं" म्हणून त्यांनी सही ठोकली.

माझे लग्न झालेले नाही. तरीही पडदा वर गेला की मी तात्याची बायको असे. तात्या म्हणजे आमच्या मंडळीतला सर्वांत जुना आणि सर्वांत लाडका नट. तो गेल्या वर्षी गेला. रंगमंचावर मी त्याला 'अहो' म्हणत असे, विंगेत 'अरे'. मृत्युपत्र हे विंगेतले काम असल्याने इथे एकेरीच लिहिते.

कलम १. कपाटात ठेवलेली दाराची पितळी मूठ आमच्या नेपथ्याच्या सुतारमामांना द्यावी. एका प्रयोगात तात्याने माझ्याशी भांडून तरातरा निघून जायचे होते. दार अडकले आणि मूठ त्याच्या हातात आली. तो शांतपणे परत येऊन खुर्चीत बसला व म्हणाला, "घर सोडून निघालो होतो गं, पण घरच मला सोडत नाहीये." टाळ्या थांबेनात. पुढे लेखकाने ते वाक्य स्वतःचे म्हणून छापले. मूठ पक्की बसवली होती, असे सुतारमामा अजून सांगतात. आता त्यांनी ती निवांत तपासावी.

कलम २. ज्या समीक्षकाने मला 'तात्यांच्या सावलीत वाढलेले झुडूप' असे लिहिले, त्याला माझी कुंडीतली तुळशीएवढी वाढलेली कोरफड द्यावी. काटे काढू नयेत. तो मजकूर वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते. तात्या म्हणाला, "झुडूप म्हटलंय ना? मला तर त्यानं नुसतं झाड म्हटलंय, म्हणजे हलत नाही."

कलम ३. बँकेतील ठेव नाट्यगृहाला द्यावी. अट एकच: बायकांच्या रंगपटाला आतून कडी बसवावी. चाळीस वर्षे दाराला खुर्ची लावून साड्या बदलल्या. व्यवस्थापकांनी त्या पैशांत स्वतःच्या खोलीला पडदे घेतल्यास मी परत येईन.

कलम ४. माझे राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्यामागे वहिनींना त्यांच्या हयातीपर्यंत राहण्यासाठी मिळावे, व त्यानंतर माझ्या भाच्याला. वहिनी म्हणजे तात्याची खरी बायको. तो गेल्यावर त्या माझ्याकडे आठ दिवसांसाठी आल्या. मग त्यांचे शिवणयंत्र आले, तेव्हा मी काय ते समजले.

भाच्याने मला विचारले होते, "मावशी, त्या आपल्या कोण लागतात?" उत्तर लेखी देते.

तात्या दवाखान्यात होता, तेव्हा नर्सबाईंनी आम्हा दोघींकडे पाहून नाते विचारले. तात्या म्हणाला, "ही घरची, ती तिकिटाची." शेवटच्या संध्याकाळी आत एका वेळी एकालाच सोडत होते. मी बाकावरच बसून राहिले. वहिनींनी मला उठवले.

"तू जा आधी. आमचं बोलून झालंय. तुमचा तिसरा अंक राहिलाय."

मी आत गेले. त्याला बोलवत नव्हते, पण मी आमच्या प्रवेशातले पहिले वाक्य टाकताच त्याने पुढचे उचलले. निम्म्यावर तो गप्प झाला. आयुष्यात कधी वाक्य न विसरलेला माणूस. मी हळूच त्याचा शब्द पुरवला.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "थांबलोय. टाळी तर येऊ दे."

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी खरोखरच टाळी वाजवली. मग तात्याने वाक्य पूर्ण केले. मी बाहेर येऊन वहिनींना आत पाठवले. पहाटे तो त्यांचा हात धरून गेला.

जी बाई असल्या वेळी आपली पाळी दुसरीला देते, ती आपली कोण लागते, हे भाच्याने ठरवावे. ठरेपर्यंत तिच्या घरचे दिवे बदलून द्यावेत. तिला स्टुलावर चढू देऊ नये.

साक्षीदार म्हणून वहिनीच सही करणार होत्या. पेन उघडून बसल्या होत्या. वकील म्हणाले, ज्यांना घर मिळणार त्यांची साक्ष चालत नाही. वहिनी रागावल्या.

"मग या सगळ्यात माझं काम काय?"

मी म्हटले, "तुम्ही फक्त माझ्यामागे राहायचं."

त्यांनी पेन बंद केले. मग म्हणाल्या, "हे मला दोनदा करायला लावू नकोस."

म्हणून सही आज केली आहे, पण घाई कोणतीही नाही.

साक्षीदार: १. वर उल्लेखिलेले डॉक्टर. २. तळमजल्यावरचे शिंपी (यांना काही मिळणार नाही, याची त्यांना कल्पना दिली आहे).

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तोच.
सही: तिकिटाची बायको, व त्याखाली कायद्यापुरते खरे नाव.