चार नंबर लेनचा पुढारी

२ जानेवारी, पहाटे ४.५०

नवी वही, नवं वर्ष. यंदा जागतिक स्पर्धा गाठायचीच. निवड चाचणी २१ मार्चला. दोनशे मीटर फ्रीस्टाइल, पात्रता वेळ एक मिनिट पन्नास सेकंद. माझी सर्वोत्तम वेळ एक पन्नास पॉइंट सहा. तिला सहा वर्षं झाली, पण सर्वोत्तम वेळेला एक्स्पायरी डेट नसते. गेल्या महिन्यातली वेळ एक चोपन्न पॉइंट एक. म्हणजे प्रश्न चार सेकंदांचा. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

संकल्प: साखर बंद. रोज साडेनऊला झोप. बायकोशी वय या विषयावर बोलायचं नाही.

५.०५. बायकोने झोपेतच विचारलं, तुला मार्चमध्ये बत्तीस पूर्ण होतात की तेहतीस? तिसरा संकल्प मोडला. सुरुवात तिने केली.

५ जानेवारी

कोच मॅडमनी माझी लेन बदलली. दोन नंबरात सगळे वीस-बावीसचे मुलगे, पाणी नुसतं ढवळून काढतात. आता चार नंबर. पुढे मी, मागे सोळा वर्षांची एक मुलगी, आठशे मीटरवाली. मॅडम म्हणाल्या, तू घड्याळासारखा पोहतोस, वेग कमी नाही की जास्त नाही. तू फक्त हिच्या पुढे राहा. अकरा वर्षांत या बाईने माझं एवढं कौतुक केलेलं नाही. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काहीतरी खास प्लॅन आहे.

मुलगी सतत मागे असते म्हणून मी तिचं नाव शेपटी ठेवलं. ती मला दादा म्हणते. त्यापलीकडे फारसं बोलत नाही.

९ जानेवारी

लेनची शिस्त जगात सगळीकडे एकच. सगळ्यात वेगवान माणूस पुढे, पाच सेकंदांनी त्याच्यामागे दुसरा. मागच्याचं बोट पुढच्याच्या पायाला लागलं, तर पुढच्याने भिंतीपाशी बाजूला व्हायचं आणि वाट द्यायची. आज शेपटीचं बोट माझ्या पायाला दोनदा लागलं. सराव संपल्यावर मी तिला हा नियम नीट समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, हो दादा, माहीत आहे.

माहीत आहे तर लावते कशाला? लय कच्ची आहे मुलीची. सांभाळून घ्यायला हवं.

१७ जानेवारी

ऑफिसात साहेबांचा वाढदिवस. केकचे दोन तुकडे. नाही म्हटलं तर साहेबांना वाईट वाटलं असतं, आणि एकच घेतला असता तर केक आवडला नाही असं वाटलं असतं. त्याच वेळी जुलैच्या अठरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण: जागतिक स्पर्धेत सहभाग. साहेबांनी विचारलं, निवड झाली का? म्हटलं, जवळजवळ. त्यांनी सही केली. जवळजवळ केली असती तर?

२ फेब्रुवारी

पाच वेळा चारशे मीटर. पायाला बोट: सहा वेळा. कारण शोधलं. माझ्या पायांवर केस आहेत. केसांना पाणी अडतं, पाणी अडलं की वेग तुटतो. सगळे पोहणारे चाचणीच्या आदल्या दिवशी केस काढतात, मी आजच काढले. बायको म्हणाली, बाथरूमची मोरी तुंबली आहे, आधी ती काढ, मग रेकॉर्ड काढ.

१२ फेब्रुवारी

आज बोट नऊ वेळा लागलं. भिंतीपाशी थांबावं असं क्षणभर मनात आलंही होतं. पण माझं वळण इतकं चपळ आहे की थांबायला वेळच मिळत नाही. शिवाय पुढाऱ्याने थांबून कसं चालेल?

लेनमध्ये तिसरी आली. तेरा वर्षांची, दातांना तारा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणाली. नव्याचे नऊ दिवस.

२० फेब्रुवारी

मॅडमनी अचानक विचारलं, एप्रिलपासून लहान मुलांची बॅच घेशील का? सहा ते नऊ वर्षांची मुलं, बुडबुडे काढणं, पाय मारणं. मी हसून सांगितलं की एप्रिलमध्ये मी संघाच्या शिबिरात असेन. मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना माझा आत्मविश्वास आवडला असावा.

२६ फेब्रुवारी

मोठ्या स्पर्धेआधी सराव कमी करून शरीराला विश्रांती द्यायची असते. बाकीचे दोन आठवडे आधी सुरू करतात. मी तीन आठवडे आणि दोन दिवस आधी सुरू केली. दुपारी सोफ्यावर. बायको शाळेतून येऊन उत्तरपत्रिका तपासत बसली होती. म्हणाली, तुझी ही विश्रांती गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. मग पेन खाली ठेवून म्हणाली, झाली नाही निवड, तर काय करणार आहेस? म्हटलं, तो प्रश्नच येत नाही. ती म्हणाली, मला येतो.

या वर्षानंतर थांबेन, असं मी तिला गेल्या वर्षी सांगितलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. तिने आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१४ मार्च

बोट मोजायचं बंद केलं. चाचणी जवळ आली की आकड्यांत अडकू नये.

२१ मार्च, दुपारी

एक चोपन्न पॉइंट आठ. सातवा.

म्हणजे डिसेंबरपेक्षा सात दशांश सेकंद जास्त. याला कारणं आहेत. आठ नंबर लेन मिळाली, कडेच्या भिंतीवर आपटून लाटा परत येतात. पाणी गरम होतं. पोहण्याचा नवा सूट मांड्यांना घट्ट. बायको सुट्टी टाकून बघायला आली होती. सगळी कारणं ऐकून घेतली आणि म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग माझ्या डोक्यावर टॉवेल टाकून केस पुसायला लागली. आम्ही पायऱ्यांवर बसून होतो. टॉवेलच्या आत मी रडलो. ती बराच वेळ पुसत राहिली, केस केव्हाच कोरडे झाले होते.

२२ मार्च

शेपटीची आठशे मीटर. मी फक्त जबाबदारी म्हणून गेलो. पात्रता वेळेच्या पावणेदोन सेकंद आत. मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

नंतर कोणीतरी तिच्यासमोर माइक धरला. एवढी सुधारणा कशी झाली? ती म्हणाली, सरावात माझ्या पुढे काका असतात, त्यांच्या पायांवर नजर ठेवून पोहते, त्यांचा वेग कधी बदलत नाही. सगळे मागे वळून बघायला लागले. कोण काका, म्हणून मीही वळून पाहिलं.

२४ मार्च

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, तुला चार नंबरला टाकलं ते तिच्यासाठीच, तुला कळलं असेल असं वाटलं होतं. अर्थात कळलं होतं. म्हणाल्या, तिला जूनपर्यंत असंच ओढशील का? म्हणजे जागतिक स्पर्धेच्या तयारीत मी आहेच. फक्त वेगळ्या भूमिकेत. रजेचा अर्ज परत घेण्याची घाई नको.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, जूनपर्यंत ओढ, पण कोणासाठी ओढतोस ते एकदा तरी स्वतःला सांग.

२७ मार्च, सकाळी ८.१०

पाच वेळा चारशे. पुढे मी, मागे शेपटी, तिच्या मागे तारावाली. पहिल्या चारशेत, सहाव्या फेरीला, पायाला बोट लागलं. नेहमीसारखं हलकं, दार वाजवून थांबल्यासारखं.

भिंत आली. मी थांबलो. दोरीला टेकून बाजूला झालो. शेपटीही थांबली. चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या महिन्यांत मी कधी थांबलो नव्हतो, तेव्हा तिला वाटलं मला क्रॅम्प आला. विचारलंही, दादा, पाय दुखतोय का? म्हटलं, नाही, तू जा. माझ्या तोंडून हे दोन शब्द एवढे सहज येतील असं वाटलं नव्हतं. ती गेली.

पाच सेकंद मोजून मी निघालो. आता मी तिला मागून रेटणार, अशी योजना होती. पन्नास मीटरपर्यंत तिचे पाय दिसत होते. शंभरला नुसते बुडबुडे. दुसरं चारशे निघालं तेव्हा तेही नव्हते. बाहेर आल्यावर मॅडमना विचारलं, लहान मुलांची बॅच किती वाजता असते? म्हणाल्या, साडेचार. साहेबांना फोन करून अठरा दिवसांची रजा रद्द करायला सांगितलं.

एक गोष्ट लिहायची राहिली. तिसऱ्या चारशेत, शेपटी अर्धा पूल पुढे असताना, मागून माझ्या पायाला बोट लागलं. तारावाली. भिंतीपाशी बाजूला झालो. जाताना ती थँक यू म्हणाली.

लय कोणाची कच्ची, ते आज लिहीत नाही.